पाचवं झाड

आकाश

मेलेल्या झाडाला पालवी फुटली आहे, असं लाव्हिनियाने सांगितलं तेव्हा तिचा भाऊ गेरिट तिसऱ्या धिरड्यावर मेपलचा पाक ओतत होता. तो ओतायचा थांबला नाही. धिरडं भरलं, बशी भरली, मग टेबलावरच्या कापडाची पाळी आली.

"कुठलं मेलेलं झाड?"

"आपल्याकडे किती आहेत?"

"एकच."

"मग तेच."

तिचा मुलगा फिलँडर खुर्ची पाडून खिडकीशी गेला. कड्याच्या टोकावर, जिथे कॅट्सकिलचे डोंगर एकदम खाली हडसन नदीपर्यंत कोसळतात, तिथे ते उभं होतं. दोन फांद्या आभाळाकडे फेकलेलं, बोडकं, करुण, जगप्रसिद्ध. काल संध्याकाळपर्यंत बोडकं होतं. आता त्याच्या अंगावर पोपटी ठिपके होते.

"आजच?" फिलँडर म्हणाला. "आई, आजच?"

लाव्हिनिया भावाकडे बघत होती, आणि भाऊ पाकाकडे.

"गेरिट, तीन वर्षांपूर्वी चौथं झाड वाऱ्याने गेलं. पाचवं आणायला तुला वर सुळक्यापाशी पाठवलं होतं. मेलेलं, वाळलेलं, दोन फांद्यांचं. तू कुठून आणलंस?"

"सुळका लांब आहे."

"कुठून आणलंस?"

"ओढ्याकाठी एक वाळुंज होता. फांद्या अगदी चित्रातल्यासारख्या. तोडला, वरवरची साल खरवडली, गाडीवर घालून आणला."

"जिवंत झाड?"

"तोडल्यावर मेलंच की ते."

"वाळुंज! त्याचा खुंटा नुसता जमिनीत ठोकला तरी जगतो, हे शेळीलासुद्धा ठाऊक असतं."

"मग शेळीला पाठवायचं होतंस."

फिलँडर खिडकीपासून हलला नाही. दुपारी बारा वाजता राजधानीतून, ऑल्बनीहून, निवड समितीचे क्विम्बीसाहेब येणार होते. पुढच्या साली देशाला शंभर वर्षं होणार, फिलाडेल्फियात मोठं प्रदर्शन भरणार, आणि राज्याच्या दालनात समोरच्या भिंतीवर एकच निसर्गचित्र लागणार. हा आमचा देश, असं सांगणारं. निवड समितीपुढे दोनच उरली होती. एक लेक जॉर्ज या तळ्याचं कुणाचं तरी चित्र, आणि दुसरं त्याच्या बाबांचं, एबेन ऑस्टरहाउटचं 'खिंडीतली पहाट', जे या क्षणी त्याच्या पाठीशी जेवणघराच्या भिंतीवर टांगलेलं होतं. अट एवढीच की चित्र निसर्गाशी प्रामाणिक हवं. क्विम्बीसाहेब चित्र बघणार, मग कड्यावरच्या बाकावर बसून देखावा बघणार, आणि दोन्ही ताडून सही करणार.

एबेनला जाऊन नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत फिलँडरने बाबांच्या चित्राला मान मिळावा याखेरीज दुसरं काहीही मागितलं नव्हतं.

"शिडी," तो म्हणाला. "मामा, शिडी आण. एकेक पान खुडू."


पाहुण्यांच्या वहीतून

जुलै १८४९. झाड पाहिले. हे युरोपातील राजांचे प्रतीक आहे. मेलेले, तरी उभे. पुढील रविवारी यावर प्रवचन देईन.

ऑगस्ट १८५३. झाड म्हणजे इंग्लंड. माझी पत्नी म्हणते फ्रान्स. कालपासून आम्ही बोलत नाही.

जून १८६३. दोन फांद्या, एक खोड. उत्तर, दक्षिण आणि संघराज्य. याहून जास्त लिहवत नाही.

जून १८६६. झाड मागच्या खेपेपेक्षा ठेंगणे वाटले. मी उंच झालो असेन.

सप्टेंबर १८७१. झाड उत्तम. चित्रातील सुप्रसिद्ध धुके मात्र दिसले नाही. चौकशी करता घरातील एका वयस्क बाईंनी 'ते सोमवारी असते' असे सांगितले.


शिडी

"मामा, डोळे उघड."

"उघडले की दरी दिसते."

"मग शिडी कुणी धरलीय?"

"मीच. पण अंदाजाने."

डावी फांदी निम्मी झाली होती. पानं चिकट होती, बोटांना गोडसर वास येत होता. फिलँडर खुडलेली पानं कोटाच्या खिशात कोंबत होता, म्हणजे खाली पुरावा राहायला नको. वरून घर छोटं दिसत होतं आणि माळ्याची खिडकी त्याहून छोटी. त्या माळ्यावर त्याची स्वतःची बावीस चित्रं भिंतीकडे तोंड करून उभी होती. बावीसही नुसती आकाशं. आकाश झालं की खाली जमीन काढावी लागते, आणि जमीन काढायला घेतली की ती बाबांची वाटायची. मग तो ब्रश धुवायचा आणि खाली येऊन बाबांचं चित्र कापलेल्या बटाट्याने पुसायचा. दर महिन्याला. चित्र बटाट्याने फार छान उजळतं.

खाली कुणीतरी हसलं.

जेरुशा आत्या ओल्या कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन उभी होती. त्रेसष्ट वर्षांची, काठीसारखी सरळ. सोमवार होता.

"काय रे, उवा काढतोयस त्याच्या?"

"आत्या, हसू नकोस. तासाभरात साहेब येतील."

"येऊ देत की. चांगलं जगलंय बिचारं, राहू दे."

"ते मेलेलंच पाहिजे! बाबांनी मेलेलं काढलंय. मूळ झाड वादळात पडलं नसतं तर चित्राशी जुळवायला दर खेपेला नवं रोवायची वेळच आली नसती."

"कुठलं वादळ?"

"एक्केचाळीसचं. ज्यात मूळ झाड पडलं ते."

"एक्केचाळीस साली वादळ नव्हतं. ते तुझ्या आईने तुला झोपवताना तयार केलं. आधी नुसता वारा होता, तू झोपेनास म्हणून तिने त्यात विजा घातल्या."

लाव्हिनिया घरातून जवळजवळ पळत आली. हातात अजून झारा होता.

"वन्सं, आज नको."

"पस्तीस वर्षं 'आज नको'च चाललंय, लाव्हिनिया."

"काय आज नको?" वरून फिलँडर.

"काही नाही. तू खूड."

"तिथे झाड नव्हतं रे," जेरुशा म्हणाली. "मी होते."

फिलँडर दोन पायऱ्या खाली आला. त्याने ठरवलं नव्हतं, पाय आपोआप आले.

"तुझ्या बाबाला पुढच्या बाजूला काहीतरी उभं हवं होतं. मी कपडे वाळत घालत होते. म्हणाला, आक्का, हलू नकोस. हात वर, चादर दोरीवर, आणि मी उभी. तीन सकाळी उभी होते. छान काढलं होतं. नाकसुद्धा माझंच होतं. मग न्यूयॉर्कहून तो दलाल आला."

"वन्सं."

"दलाल म्हणाला, चित्र थोर आहे, पण बाई काढा. अमेरिकेचा देखावा म्हणजे कोरा हवा. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, इथे अजून कुणी आलेलंच नाही, आपणच पहिले. त्यात ही बाई चादर झटकतेय. देश वापरलेला वाटतो."

गेरिटने डोळे उघडले, दरी दिसली, पुन्हा मिटले. "म्हणजे फांद्या..."

"माझे हात."

"आणि धुकं?"

"चादर."

"त्या धुक्यावर बॉस्टनच्या वर्तमानपत्रात दीड रकाना आला होता!"

"दुहेरी पलंगाची होती ती."

फिलँडर शिडीच्या तळाशी बसला. खिशातून पानं सांडत होती. लहानपणी शाळेच्या भूगोलात पहिल्याच पानावर हे चित्र होतं. खाली छापलेलं होतं, 'आपला देश. माणसे यायची आहेत.' मास्तर त्याला उभं करून म्हणायचे, हा एबेनचा मुलगा, आणि सगळा वर्ग वळून बघायचा.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला झाड आवडायचं." जेरुशाने टोपली खाली ठेवली. "आणि मी काही बोलणार नव्हते. पण पुढच्या साली सगळा देश माझ्यापुढे रांगेने उभा राहून मला मेलेली म्हणणार. त्याआधी निदान घरात तरी एकदा सांगून ठेवावं म्हटलं. एक जण मला इंग्लंड म्हणाला होता. आठवतंय, लाव्हिनिया? मी त्यालाच चहा देत होते."

"आत्या, साहेबांना सांगणार आहेस?"

"मी कशाला सांगू? मला कपडे वाळत घालायचेत."

"मी जेरुशाताईंच्या बाजूने," गेरिट म्हणाला.

"कुठली बाजू?" लाव्हिनिया कडाडली. "बाजूच नाहीये इथे! शिडी धर!"

तेवढ्यात खालच्या वळणावर घोडागाडीच्या घंटा ऐकू आल्या. बारा वाजायला अजून पाऊण तास होता. डावी फांदी बोडकी, उजवी हिरवीगार. झाड अर्धी दाढी केलेल्या माणसासारखं दिसत होतं.


बाक

क्विम्बीसाहेब गोल, घामट आणि प्रसन्न होते. गाडीतून उतरले, टोपी काढली, कड्याकडे बघितलं आणि टोपी तशीच हवेत राहिली.

फिलँडरने पाठीमागे शिडी लपवली होती. बारा फुटांची शिडी पाठीमागे जितकी लपते तितकी.

"पालवी," क्विम्बीसाहेब म्हणाले.

"त्याचं असं झालं साहेब, की..." फिलँडर.

"मेलेल्या झाडाला पालवी! प्रजासत्ताकाच्या शंभराव्या वर्षी! आणि तीही अर्ध्याच बाजूला! एक बाजू भूतकाळ, एक बाजू भविष्य!" त्यांचे डोळे भरून आले. "हे कुणी... हे आपोआप झालं?"

लाव्हिनियाने भावाच्या बरगडीत कोपर घातलं. "बोल," ती पुटपुटली.

"तीन वर्षं पाणी घालतोय," गेरिट म्हणाला.

फिलँडरने शिडी हळूच गवतात ठेवली. बाकी तपासणीला चार मिनिटं लागली. डोंगर जागेवर होते. नदी जागेवर होती. साहेबांनी एक पान हॅटच्या पट्टीत खोचलं. फिलँडरने मनातल्या मनात फिलाडेल्फियाची समोरची भिंत पाहिली. तिथे स्वतःला उभं केलं, नव्या कोटात.

आत्याकडे त्याने बघितलं नाही. ती पलीकडे चिमटे लावत होती.


जेवण

मे महिन्यात हडसनला शॅड मासा येतो आणि त्याच्यात मासा कमी, काटे जास्त. क्विम्बीसाहेब काट्यांच्या मधून बोलत होते.

"आपल्याकडे पडके किल्ले नाहीत. एक काटा. जुनी देवळं नाहीत, थडगी नाहीत. मग जगाला दाखवायचं काय? काटा. डोंगर! युरोपात कुठल्याही डोंगरावर जा, तिथे आधी कुणीतरी राहून गेलेलं असतं. आपला डोंगर कोरा. हीच आपली... काटा... श्रीमंती."

"हा मासा मग आपणहून ताटात आला का?" जेरुशाने विचारलं. ती वाढत होती.

"आत्या."

"विचारते नुसतं. खाली ओढ्याकाठी माझ्या आजीच्या आजीने इथल्या मूळच्या मोहिकन बायकांकडून मका घेतलाय. कोरं कधी होतं ते मला कळून घ्यायचंय."

"बाई," क्विम्बीसाहेब सौजन्याने म्हणाले, "ते सगळं खरं. पण चित्रात ते येत नाही." आणि भिंग घेऊन उठले.

त्यांनी आकाश बघितलं. वा. दरी बघितली. वा, वा. धुक्यापाशी ते बराच वेळ थांबले आणि हुंदका दिल्यासारखा आवाज काढला. गेरिटला ठसका लागला. मग भिंग झाडावर आलं, फांद्यांवरून खोडावर, खोडावरून खाली. तिथेच थांबलं.

"मुळांना," क्विम्बीसाहेब म्हणाले, "टाचा आहेत."

लाव्हिनिया ताटावरून उठली.

"गाठी असतील," लाव्हिनिया म्हणाली.

"दोन आहेत. सारख्या. आणि वर बटणं."

"बुरशी असते तशी," गेरिट म्हणाला. "बटणबुरशी."

फिलँडर पुढे झाला. नऊ वर्षं दर महिन्याला कापलेला बटाटा. तपकिरी रंग झिजून झिजून पापुद्र्याएवढा उरला होता, आणि त्याखालून आज, खिडकीतून आलेल्या उन्हात, एका बाईचे बूट स्पष्ट वर आले होते. बूट आणि निळ्या झग्याची चार बोटं किनार. देश मावळायला लागल्यासारखा तो तिथे उभा राहिला. ते त्यानेच पुसून काढलं होतं. स्वतःच्या हाताने, प्रेमाने.

"चित्र उतरवा," क्विम्बीसाहेब म्हणाले.


चित्राच्या मागची बाजू

पेन्सिलने, एबेनच्या अक्षरात, कोपऱ्यात:

दगड ठीक.
पाणी कमी करणे.
जेरुशा काढणे.

"काढणे म्हणजे?" गेरिटने विचारलं. "चित्रात काढणे, की चित्रातून काढणे?"

"चित्रातून, अर्थात," क्विम्बीसाहेब म्हणाले.

"लिहिलं तर नाहीये तसं."


रंगपेटी

क्विम्बीसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"हे बघा, ऑस्टरहाउट. मी काही पाहिलेलं नाही. तुम्ही चित्रकार आहात, वडिलांचा हात तुमच्यात आहे. इथे दोन बोटं तपकिरी लावा. पाच मिनिटांचं काम. मी सही करतो, खोका गाडीत चढतो, चित्र फिलाडेल्फियाला जातं. देशाला सगळं परवडेल, पण झाडाला बूट परवडणार नाहीत."

"आणि नाही लावलं तर?"

"तर मला लेक जॉर्जला जावं लागेल. तिथे डास फार आहेत."

फिलँडरने आत्याकडे बघितलं. ती ताटं गोळा करत होती.

"लाव," ती म्हणाली. "एकदा लावलंय, दुसऱ्यांदा काय मोठं. सकाळपासून तोंड एवढंसं झालंय तुझं. सांगून झालं ना माझं? झालं तर मग."

तिने ते रागाने म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं.

"आई, तपकिरी कुठे आहे?"

लाव्हिनिया खिडकीखालच्या रंगाच्या पेटीवर बसली होती. ती हलली नाही. जेरुशाला चित्रातून काढलं त्या दिवशी ती एकवीस वर्षांची होती, लग्नाला चार महिने झालेले, आणि याच खिडकीत काचेच्या लादीवर ती नवऱ्यासाठी तपकिरी घोटत होती. बाहेर नणंद कपडे वाळत घालत होती. आत कॅनव्हासवर नणंद वाळत चालली होती. आधी डावा हात, मग उजवा, मग तोंड. तोंडाला रंग कमी पडला तेव्हा एबेन म्हणाला, अजून थोडा. तिने अजून थोडा घोटला. बाहेरून जेरुशाने हाक मारली होती, लाव्हिनिया, चादरीचं दुसरं टोक धर गं. आणि ती म्हणाली होती, वन्सं, हात भरलेत माझे.

"तपकिरी संपला," लाव्हिनिया म्हणाली.

"संपला कसा?" गेरिट म्हणाला. "परवाच मी कोंबड्यांच्या खुराड्याच्या दारासाठी त्या पेटीतून..."

लाव्हिनियाने त्याच्या पायावर पाय दिला. तिने पुऱ्या वजनाने दिला.

"संपला," गेरिट म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "खुराडं मोठं आहे."

"पेटीत बघता येईल," क्विम्बीसाहेबांनी सुचवलं.

"मी बसलेय तिथे."

"आई, ऊठ."

"माझे गुडघे दुखतात."

"मघाशी झारा घेऊन पळत आलीस."

"म्हणूनच दुखतात."

फिलँडर आईकडे बघत राहिला. आयुष्यभर तिने त्याला झाडाच्या बाजूने वाढवलं होतं. वादळ दिलं होतं, विजा दिल्या होत्या. आणि आता ती पेटीवर अशी बसली होती, जशी अंडी उबवतेय. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ती ताटं उचलणाऱ्या नणंदेकडे बघत होती.

"मग काय आहे?" त्याने विचारलं.

लाव्हिनियाने पेटीची फळी जेमतेम वर केली, हात आत घातला, चाचपडून एक नळी काढली. काळा. मग आणखी एक. पांढरा.

"काळासुद्धा चालेल," क्विम्बीसाहेब म्हणाले. "सावली म्हणून खपेल."

फिलँडरने काळा घेतला. बारीक ब्रश घेतला. गुडघ्यावर बसला, अगदी मुळांपाशी. फिलाडेल्फियाची भिंत एका बाजूला होती, तिच्यावर उजेड पडत होता, आणि खाली लोक टोप्या काढून उभे होते. त्याने डावी टाच शोधली आणि तिच्या कडेने एक रेघ ओढली. मग टाचेचा उतार. मग चवडा.

"सावली जरा पसरट हवी," क्विम्बीसाहेब म्हणाले.

फिलँडरने चवड्यावर पांढऱ्याचा एक ठिपका दिला. बूट चकाकला. नुकतं पॉलिश केल्यासारखा.

क्विम्बीसाहेबांनी भिंग मिटलं. मग हॅट घातली, पानासकट.

"चांगला आहे हात तुमचा," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "शॅडबद्दल आभारी आहे."

गाडीच्या घंटा वळणापर्यंत ऐकू येत राहिल्या. गेरिटने त्या जाईपर्यंत वाट बघितली आणि खाली बसून बूट काढून अंगठा तपासला. लाव्हिनिया पेटीवरून उठली. टेबलावर अजून अर्धा मासा होता, तो तिने आत नेला नाही.

फिलँडरने दुसरा बूट पुरा केला. मग सहा बटणं केली. सातवं काढू लागला तेव्हा मागून आत्याचा आवाज आला.

"सहाच होती. वरचं तुटलेलं होतं, तुझ्या बाबाला सांगून सांगून थकले."

त्याने सातवं बोटाने पुसलं. मग किनारीचा निळा कुठवर जातो ते नखाने हलकेच खरवडून बघितलं. खाली निळा होता. आणखी वर, आणखी निळा. कंबर. दोरीच्या दिशेने गेलेला एक खांदा.

"आत्या, वर काही उरलंय का माहीत नाही. तोंड मला नव्याने करावं लागेल. मी कधी केलेलं नाही तोंड. मी फक्त आकाशं केलीत."

"मग खूप वेळ लागेल?"

"लागेल."

जेरुशाने ताटं खाली ठेवली. हात कपड्याला पुसले. खिडकीपाशी, जिथे उजेड बरा होता तिथे जाऊन उभी राहिली, आणि दोन्ही हात डोक्यावर उचलले.

"लाव्हिनिया," ती म्हणाली, "चादरीचं दुसरं टोक धर गं." आणि मग फिलँडरला, "काढ लवकर. हात भरून येतात."